कांद्याच्या सालींचा उजेड

रसायनशाळेत काचेची भांडी धुणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत, आणि मावशींनी धुतलेल्या काचेला नावं ठेवायची कुणाची टाप नव्हती. बावीस वर्षांत प्राध्यापक आले, निवृत्त झाले, भिंतींचा रंग तीनदा बदलला. मावशींचं बेसिन तेच राहिलं. धुतलेली प्रत्येक वस्तू त्या खिडकीच्या उजेडात धरत, एक डोळा बारीक करत आणि मगच मांडणीवर ठेवत. "काच दिसली म्हणजे ती धुतलीच नाही," हे त्यांचं म्हणणं. एखाद्या विद्यार्थ्याने घाईत विसळलेलं भांडं त्या मुकाट्याने पुन्हा बेसिनमध्ये घालत. ते मुकाटपण त्याला दहा शिव्यांपेक्षा जास्त झोंबे.

शेवटच्या खोलीत एक तरुण संशोधक बाई तीन वर्षं कांद्याच्या साली शिजवत होत्या. साली कँटीनमधून मावशीच आणून द्यायच्या.

"मॅडम, जग कांदा खातं नि साल टाकतं. तुमचं आपलं उलटंच."

"कांदा तुम्ही खा, मावशी. मला साल पुरे."

वाळवलेल्या सालींचा चुरा पाण्यात घालून, घट्ट झाकणाच्या पोलादी डब्यात भट्टीत तापवला की चहासारखं तपकिरी पाणी निघे. त्यात कोळशाचे इतके सूक्ष्म कण असत की केसाच्या जाडीत हजारो शेजारी शेजारी मावावेत. अंधाऱ्या खोलीत जांभळा दिवा लावला की तेच पाणी निळं पेटे. मॅडम ते पांढऱ्या पुडीत मुरवून वाळवत आणि मऊ ब्रशने काचेवर फिरवत. बोटाने जिथे कधी स्पर्श केला असेल तिथे पूड चिकटे, आणि दिव्याखाली रेघन् रेघ उजळे. पहिल्यांदा तो ठसा पाहिला तेव्हा मावशींनी आपलं बोटही दिव्याखाली धरून पाहिलं. माणूस निघून जातो आणि काचेवर इतकं ठेवून जातो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. बावीस वर्षं आपण नेमकं काय पुसत आलो, असं त्यांना वाटून गेलं.

पोलिसांच्या ठसे विभागातले साहेब ही पूड पाहायला येणार असं ठरलं. मॅडमनी मोठा घाणा नव्याने शिजवला. मावशींनी चाळीस काचपट्ट्या धुवायला घेतल्या. आजवर मॅडम खोक्यातल्या नव्या पट्ट्या वापरत. पण साहेब येणार म्हटल्यावर मावशींना राहवेना. त्यांचे यजमान एका मोठ्या लाँड्रीत कामाला होते. तिथली खास धुण्याची पूड मावशींनी डबाभर आणली, शेवटचा हात तिचा मारला आणि त्याच पुडीत उकळलेल्या पांढऱ्या फडक्याने पट्ट्या कोरड्या केल्या. अशी काच त्यांच्याही हातून कधी उतरली नव्हती.

सोमवारी साहेब आले. स्वतःची बोटं पट्ट्यांवर टेकवली. मॅडमनी पूड फिरवली, दिवा लावला, आणि आख्खीच्या आख्खी काच निळी पेटली. ठसा त्यात बुडून गेला. दुसरी पट्टी तशीच. सातवीही तशीच.

"पोहायला बरं आहे तळं," साहेब म्हणाले. "पण चोर कुठाय त्यात?"

साहेब गेल्यावर विभागप्रमुख, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, ते मॅडमकडे न बघताच बोलले, "कचऱ्यातून कचराच निघायचा. गुरुवारी ते पुन्हा येतायत, माझ्या शब्दाखातर. तेव्हा जमलं तर ठीक, नाहीतर ही खोली दुसऱ्या कुणाला तरी कामाला येईल."

मॅडमनी नवा घाणा आख्खा ओतून टाकला. दोष त्यातच असणार, असं त्यांना वाटलं. नव्या साली घेऊन पहिल्यापासून सुरुवात केली. डोळे लाल, जेवणाचा डबा न उघडलेला. मावशींना ते बघवेना.

मंगळवारी दुपारी त्या अंधारी खोली झाडायला गेल्या. जांभळा दिवा चालूच राहिला होता. तो बंद करायला त्यांनी हात पुढे केला आणि हात तसाच राहिला. त्यांच्या पांढऱ्या एप्रनची बाही पेटली होती. निळी. पट्ट्यांसारखीच निळी.

एप्रन कशाने धुतलाय हे जगात एकट्या त्यांनाच ठाऊक होतं.

संध्याकाळी जेवताना त्यांनी यजमानांना विचारलं, "तुमच्या त्या पुडीत असतं काय हो, एवढं पांढरं करणारं?"

"आज काय माझी परीक्षा! मळ काढते ती वेगळी गोष्ट. वर उजेड चढवणारं काहीतरी असतं त्यात. जांभळ्या दिव्यांच्या हॉलमध्ये वेटरचे शर्ट कसे झगमगतात, बघितलं नाहीस?"

"मग आधी नाही सांगायचं?"

"तू कुठं विचारलंस? तू तर डबा पळवलास."

मावशींनी ताट बाजूला सारलं. बोलायचं तर बावीस वर्षांचं नाव आपल्याच तोंडाने बुडवायचं. नाही बोलायचं तर त्या पोरीची तीन वर्षं बुडणार, आणि कुणाला कधी कळणारही नाही. कुणाला कळणार नाही, हेच त्यांना सोसवेना.

बुधवारी सकाळी त्या शेवटच्या खोलीत गेल्या, दिवा लावला आणि बाही त्याखाली धरली.

"मॅडम, तुमच्या सालींचा काही दोष नाही. दोष माझ्या धुण्याचा आहे."

मॅडमनी बाहीशेजारी सोमवारची एक पट्टी धरली; निळा रंग तोच. मग त्या स्टुलावर बसल्या. "मावशी, मी चांगला घाणा ओतून दिला हो!"

"दिलात ना? मग आता रडून तो परत यायचा नाही. उठा. साली मी सोलते."

त्या दिवशी मावशी साबणाला शिवल्याच नाहीत. खोक्यातल्या नव्या पट्ट्या साध्या गरम पाण्याने धुतल्या, मग शुद्ध पाण्याने, आणि फडकं न लावता उभ्या करून वाळू दिल्या. वाळलेल्या पाण्याचा एखादा डाग राहिला, तो त्यांनी मनावर दगड ठेवून राहू दिला.

गुरुवारी साहेबांनी पुन्हा बोटं टेकवली. दिवा लागला. काच काळी राहिली, आणि त्या काळोखात फक्त रेघा उजळल्या, एकीत एक गुंतलेल्या, मधे जुन्या जखमेचा आडवा चिरा. साहेबांनी पिशवीतून रंगीबेरंगी नक्षीचं पत्र्याचं झाकण काढलं. त्यावर महिन्यापूर्वी त्यांनीच अंगठा उमटवून ठेवला होता, आणि त्यांच्या नेहमीच्या काळ्या पुडीत तो नक्षीमध्ये हरवत होता. मॅडमनी ब्रश फिरवला. नक्षी विझली, अंगठा तेवढा पेटला.

"हा मीच," साहेब हळूच म्हणाले. "मग सोमवारी काय झालं होतं?"

मोठे सर घाईने म्हणाले, "किरकोळ तांत्रिक अडचण."

"अडचण नाही, साहेब," दारातून आवाज आला. "मी. पट्ट्या मी धुतल्या. चमकणाऱ्या पुडीने. मला वाटलं, तुमच्यासमोर आमची काच झळकावी."

मोठे सर खाकरले. साहेब मावशींकडे वळले.

"घटनास्थळी आमचीच माणसं बोटं लावून येतात, मावशी, आणि विचारलं तर सगळे हात खिशात. 'मी' म्हणणारं माणूस शोधायला मला नोकरी अपुरी पडली." मग मोठ्या सरांकडे वळून म्हणाले, "ही पूड मला हवी. आणि आमच्या लोकांना काच धुवायला ह्या शिकवतील."

त्या दुपारी मॅडम कृती टंकायला बसल्या. मावशी शेजारी उभ्या, हात ओले.

"पहिली पायरी तुम्ही सांगा. 'काच स्वच्छ धुवावी', असं लिहू?"

"छे, स्वच्छ तर मीही धुतली होती." त्यांनी हात एप्रनला पुसले. "लिहा, काच कोरी करावी. आपलं काहीच तिच्यावर ठेवू नये. साबणसुद्धा नाही, आणि दिमाख तर नाहीच."

"दिमाख लिहू?"

"लिहा. आणि खाली माझं नाव घाला. पूर्ण."