काकांचे कान

ही गोष्ट मी अजून कुणाजवळही बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही — आणि ज्यांच्याजवळ सगळ्यात आधी बोलायला हवी होती, त्यांच्याजवळ तर नाहीच. मग तुमच्याजवळ का? कारण तुम्ही आमच्या गल्लीतले नाही. एवढंच. त्यात शौर्य काही नाही.

आम्ही काशीचे मराठी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि भांडताना दोन्ही. मी एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. आणि मला एक नाद आहे. आमच्या घरातल्या बाकीच्या बायकांना साड्यांचा आहे, मला हेडफोनच्या अ‍ॅम्प्लिफायरचा. मोबाइल आणि हेडफोन यांच्या मध्ये जोडायची पानाच्या डबीएवढी पेटी असते — आत बॅटरी आणि आवाजाला जोर देणारी आठ पायांची एक चिप. ती चिप सॉकेटमधून उपटून दुसरी बसवता येते. प्रत्येक चिपचा आवाज निराळा असतो, असं आम्ही शौकीन मानतो. कुठली कोरडी, कुठली गोड. ह्यावर तासन्‌तास वाद घालणारा आमचा एक ऑनलाइन ग्रुप आहे. त्यात बाई मी एकटीच, त्यामुळे माझा तोरा जरा जास्तच.

आता काकांबद्दल सांगायला हवं. तेच टाळते आहे, बघा.

नानाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत राहतात, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. घनपाठी. वेदातल्या ओळीचे शब्द उलटसुलट गुंफून म्हणायची जी सगळ्यात अवघड रीत आहे, ती त्यांना झोपेतही येते. सगळा जन्म संथा देण्यात गेला — म्हणजे समोर बसवून, एकेक अक्षर तोंडून तोंडात देऊन शिकवण्यात. लॉकडाऊनमध्ये विद्यार्थी आपापल्या गावी गेले आणि संथा मोबाइलवर आली. नाशिकहून, इंदूरहून मुलं — मुलं कसली, चांगले लग्न झालेले पुरुष — पठण रेकॉर्ड करून पाठवायचे आणि काका चुका सांगायचे. विसर्ग खाल्ला, श घसरला, स्वर चढला नाही. त्यांच्या कानातून काही सुटत नसे.

पण खिडकीखाली मोटारबोटींची घरघर, आणि मोबाइलचा स्पीकर त्यांना डब्यातून बोलल्यासारखा वाटे. एका विद्यार्थ्याने मोठा हेडफोन आणून दिला. तो नुसत्या मोबाइलवर पुरेसा वाजेना, म्हणून मी एक अ‍ॅम्प आणून दिला. दुकानातून आला तसाच तो उत्तम होता. काका गल्लीभर सांगत सुटले, "आमच्या वीणूने लावून दिलंय, आता नाशिक बगल में बैठा आहे!"

मग मी त्याला हात का लावला? काकांनी मागितलं नव्हतं. कुणीच नव्हतं मागितलं. ग्रुपवर एका नव्या चिपची फार वाखाणणी चालली होती, ती मी मागवली, आणि मला ती कुणाच्या तरी पेटीत बसवून दाखवायची होती. काकांना म्हटलं, आवाज अजून सुंदर करून देते. ते म्हणाले, "दे. तू करशील ते ठीकच करशील."

ती चिप तापट निघाली. बसवल्याबरोबर बारीक शिट्टी वाजायला लागली, पेटी गरम झाली. अशा चिपला शांत करायचं तर दोन्ही कानांच्या वाटेवर एकेक छोटा कपॅसिटर सोल्डर करावा लागतो. मसुराच्या डाळीएवढा असतो. त्यावर तीन आकडे छापलेले, आणि त्यातला शेवटचा सांगतो पुढे शून्यं किती. शेवटचा आकडा एकाने जास्त असला की कपॅसिटर दहापट मोठा होतो — आणि मग तो शिट्टीबरोबर आवाजातलं जे जे बारीक आणि धारदार आहे, तेही गिळून टाकतो. माझे कपॅसिटर काकूंच्या रिकाम्या कुंकवाच्या डब्यांत असतात. दोन डबे कधीतरी एकात ओतले होते. कधी, ते मला आठवत नाही. आकडा मी वाचला नाही. वर्गात पोरांना रोज ओरडते, आधी वाच मग जोड — आणि मी वाचला नाही.

शिट्टी थांबली. मी सारंगीचं एक रेकॉर्डिंग लावलं. काय आवाज! मऊ, दाट, कुठे टोचणं नाही. मला वाटलं, हीच त्या चिपची जादू. ग्रुपवर फोटो टाकले, खाली लिहिलं, 'मखमल'. लोकांनी डोक्यावर घेतलं. कुणाला तरी पठण लावून ऐकायचं सुचलं असतं का? मला तरी सुचलं नाही. ज्या कामासाठी ती पेटी होती, ते काम सोडून बाकी सगळं मी ऐकून पाहिलं.

काकांनाही पहिल्या दिवशी गोड वाटलं. मग ते विद्यार्थ्यांवर चिडायला लागले. नाशिकचा अनिरुद्ध त्यांचा सगळ्यात तयार विद्यार्थी, घनान्त, म्हणजे घनपाठापर्यंतच्या शेवटच्या परीक्षेच्या तोंडाशी आलेला. त्याला त्यांनी फोनवर झापलं, की तुझी अक्षरं बोथट झाली, विसर्ग गायब, लक्ष कुठे आहे? त्याने पुन्हा म्हणून पाठवलं. पुन्हा तेच. मग इंदूरवाल्याचंही तसंच. मग तिसऱ्याचं. आणि मग काकांनी झापणं थांबवलं. एकाच वेळी सगळे कसे चुकतील, हे त्यांच्या लक्षात आलं. मग चुकतंय कोण?

एका सकाळी ते पेटी फडक्यात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आले. काका कधी आमच्याकडे काही मागायला येत नाहीत. खुर्चीच्या कडेवर टेकले आणि म्हणाले, "ज़रा खोलून बघ ना गं. मशीनमध्ये काही गडबड तर नाही ना? नाहीतर मग माझ्यातच."

मी चार स्क्रू काढले. भिंग धरलं. आणि आकडा वाचला.

त्या क्षणी मला सगळं कळलं. हे नीट लिहिते, कारण इथेच माणूस स्वतःला सूट देतो. मला शंका आली, असं नाही. मला कळलं. योग्य कपॅसिटर हाताशी होते, सोल्डरिंग आयर्न तापायला वेळ लागत नाही. म्हणायचं एवढंच होतं की काका, माझी चूक झाली.

मी झाकण लावलं आणि म्हटलं, "मशीन एकदम ठीक आहे, काका."

का? ग्रुपवरचं कौतुक — ते तर होतंच. त्यांनी गल्लीत केलेली माझी तारीफ — तीही. तेव्हाच दुरुस्त केलं असतं तर आवाज एकदम उघडला असता आणि त्यांना कळलं असतं, हेही डोक्यात आलं. पण अजून एक होतं. लहानपणी काकांची संथा चालू असताना मी मधल्या खोलीच्या दाराशी बसून ऐकायचे. आपोआप पाठ व्हायचं. एकदा आतला मुलगा अडला आणि दाराशी बसलेल्या मी पुढचं म्हटलं. काका रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "तू आत जा, काकूला मदत कर." आणि दार लोटलं. ते दार मी विसरले आहे असं मला वाटत होतं. पण त्या सकाळी ते माझ्या खुर्चीच्या कडेवर बसून मला विचारत होते, आणि मला — लिहायला लाज वाटते — मला बरं वाटलं. जरासंच. पण वाटलं.

हे कारण म्हणून सांगत नाही. घडलं ते सांगते.

मी ठरवलं होतं, चार-आठ दिवसांनी काहीतरी निमित्त काढून पेटी आणायची आणि गुपचूप ठीक करायची. त्याआधीच काका कानाच्या डॉक्टरकडे गेले. त्यांच्या वयाला बारीक आवाज कुणालाही थोडे कमीच ऐकू येतात. कागदावर तसं दिसलं. डॉक्टर म्हणाले, उमर का असर है, पंडितजी. झालं. माझ्या खोटेपणावर शिक्का बसला, आणि तो खरा होता!

पाठशाळेत दरवर्षी परीक्षा होते, आणि परीक्षकाच्या आसनावर काका बसत. त्या वर्षी ते आसनाजवळ गेले, बसले नाहीत. सगळ्यांसमोर हात जोडले. म्हणाले, "ज्याचा कान गेला त्याने दुसऱ्याचं अक्षर तपासणं पाप आहे. मला मोकळं करा." काकू पदराने डोळे पुसत होत्या. मी प्रसादाचं ताट घेऊन उभी होते. तेव्हा तरी बोलावं? सगळ्यांसमोर? मी पेढे वाटले. काकांच्या हातावरही ठेवला.

पेटी त्यांनी मला परत दिली. "आता मला कशाला? तू ऐक." घरी येऊन मी ते दोन्ही कपॅसिटर काढले, जुनी चिप परत बसवली आणि अनिरुद्धचं पठण लावलं. प्रत्येक अक्षर स्वच्छ. श, ष, स, विसर्गाचा तो शेवटचा श्वास — सगळं जागेवर. त्याचं कधीच काही चुकलं नव्हतं. काकांचंही नाही.

तेव्हा पेटी घेऊन धावत जाता आलं असतं. मी गेलेही. पण पायऱ्यांवरच काकू भेटल्या. म्हणाल्या, "हे घाटावर सगळ्यांबरोबर म्हणायलाही जात नाहीत आता. म्हणतात, मी चुकलो तर मला कळणार नाही." हे ऐकून सांगायची निकड वाढायला हवी होती ना? माझं उलटं झालं. एवढं सगळं झाल्यावर सांगायचं कोणत्या तोंडाने, असं वाटलं, आणि मी भाजीच्या निमित्ताने परत फिरले.

आणि आता शेवटचं. हेच सगळ्यात अवघड आहे.

अनिरुद्ध दुसरा गुरू करायला तयार होईना. रडला फोनवर. तेव्हा काकांनी मला बोलावलं. मधल्या खोलीत, त्यांच्या समोर, पाट मांडला होता. म्हणाले, "तुझे कान तरुण आहेत. तू हेडफोन लाव, तो जसं म्हणतो अगदी तसं मला म्हणून दाखव. मी चुका सांगतो." मी म्हणून दाखवलं. लहानपणी पाठ झालेलं सगळं आत होतंच. काका डोळे मिटून ऐकत होते. मग डोळे उघडून म्हणाले, "तुझं मला साफ ऐकू येतं. हे कसं काय?"

ही आणखी एक आयती संधी होती. देव तरी अजून किती देणार?

मी म्हटलं, "घरचा आवाज ओळखीचा असतो, काका. म्हणून."

त्यांना ते पटलं. माझं त्यांना सगळं पटतं. थोड्या वेळाने ते म्हणाले, "तुला तेव्हाच बसवायला पाहिजे होतं गं. मी चुकलो." ज्या वाक्यासाठी मी जन्मभर थांबले होते ते असं मिळालं. त्यांनी माझी माफी मागितली. मी मान डोलावली.

तेव्हापासून रोज सकाळी मी जाते. अनिरुद्ध परीक्षा पास झाला, त्याने माझ्यासाठी नाशिकहून साडी पाठवली, मी ती नेसले. आता काका मला माझी स्वतःची संथा देतात. पाट माझा, जागा माझी. काकू चहा मला आणून देतात. काका कुणालाही सांगतात की कान गेले पण पुतणी मिळाली, सौदा वाईट नाही. ती पेटी आमच्या दोघांच्या मध्ये पाटावर असते, पूर्ण दुरुस्त. त्यांनी हात पुढे करून हेडफोन एकदा कानाला लावला तर त्यांना सगळं ऐकू येईल. ते लावत नाहीत. मशीन ठीक आहे, असं मी म्हटलं होतं ना. आणि मी रोज निघताना हेडफोन गुंडाळून माझ्या पिशवीत घालते, आणि घरी घेऊन येते.