पिवळा जाळ आणि सौ.ची डोकेदुखी

मित्रहो, आज सकाळी नांदेडला, आमच्याच स्वयंपाकघरात माझी विद्वत्ता उघडी पडली.

महिनाभर सौ. सांगत होती, "अहो, गॅसचा जाळ पिवळा येऊन राहिला. पातेली काळी होऊन राहिली. माणूस बोलवा की!" मी संस्कृतचा मास्तर. म्हणालो, "अगं, अग्नी सोन्याच्या रंगाचाच शोभतो." तिचं डोकं दुखायचं, त्याचं खापर मी मोबाइलवर फोडलं.

आज शेगडी दुरुस्तीवाला आला. बर्नरमध्ये भाकरीचं पीठ अडकलं होतं. म्हणाला, "मास्तर, जाळ निळा पायजे. पिवळा म्हंजे गॅस अर्धवट जळतो. खिडकी बंद असली की डोकं धरतं. घरात कुणी सांगितलं न्हाई का?"

सौ. शेजारीच उभी होती.

तुमच्याकडे जाळ कोणत्या रंगाचा आहे? मला महिनाभरात ओट्यापर्यंत चार पावलं जाऊन बघता आलं नाही.