भाकरीची हरकत

गोष्ट राष्ट्रीय सुरक्षेची आहे म्हटल्यावर तुम्ही सरसावून बसला असाल. बंदुका येतील, जंगल येईल, निदान एखादं हेलिकॉप्टर तरी. काही नाही. धुळ्यातला एक हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक माईक. एवढ्यावरच मला घाम फुटला होता, तुम्हीही तेवढ्यावर भागवा.

सरकारनं नव्या सुरक्षा कायद्याचा मसुदा काढला होता आणि लोकांकडून हरकती-सूचना मागवल्या होत्या. एका वकीलबाईंनी त्यासाठी सभा ठेवली. मी नकलाकार. मला पारोळ्याहून बोलावलं ते लोक जमेपर्यंत हसवायला.

लोक जमले, हसले. मग बाई म्हणाल्या, "आता हरकती सांगा. आधी नाव, गाव, मग मुद्दा."

झालं. हॉल असा गप्प झाला की पंख्याची कटकट ऐकू यायला लागली. मागच्या भिंतीला टेकून चौकटीच्या शर्टातला एक माणूस मोबाईल उभा धरून शूटिंग करत होता. माझ्या नकलांवर न हसलेला तो एकटाच. त्याला कोणी बोलावलं, ते बाईंनाही माहीत नव्हतं.

तेवढ्यात सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेले एक बाबा माझ्याजवळ सरकले. "भाऊ, तूच बोल ना. मघाशी काढलास त्या पुढाऱ्याच्या आवाजात. माझं नाव नको घेऊ." आणि कानात मुद्दा सांगितला.

मला काय, माईक दिसला की जीभ वळवळते. पान धरल्यासारखा गाल फुगवला आणि पुढारी काढला. "बंधू-भगिनींनो! आमच्या पाड्यावर वाटसरू आला की आम्ही भाकर देतो. नाव विचारत नाही. उद्या तो कुठल्या बंदी घातलेल्या संघटनेचा निघाला, तर भाकर देणारा पण आत का?"

"बंधू-भगिनींनो"ला हशा पिकला. शेवटाला कोणीच हसलं नाही.

चौकटीचा शर्ट पुढे आला. आवाज एकदम गोड. "छान करता नकला. पण प्रश्न कोणाचा आहे?"

बाबा मान खाली घालून चपलेच्या तुटक्या अंगठ्याशी चाळा करत बसले होते. मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं असतं, तरी बोट दाखवल्यासारखं झालं असतं. म्हणून सरळ मोबाईलमध्येच बघितलं.

"माझा."

"मग तुमच्या आवाजात म्हणा. नाव-गावासकट."

म्हटलं. आडनावासकट म्हटलं. माईकवर माझा स्वतःचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. फारच बारीक आहे हो. संपलं तेव्हा बाबांची खुर्ची रिकामी होती, आणि मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोन आला. पोरगा काय करतो, कुठे कुठे जातो, घरी कोण येतं-जातं. "काही नाही, सहज विचारतोय." नानांनी सगळी उत्तरं उभं राहून दिली. फोन ठेवला, भरदुपारी दाराला कडी लावली आणि माझ्याकडे वळून घरच्या अहिराणीत म्हणाले,

"भर बाजारमा घर शे आपलं. तुनाकडे कोण येस रे भाकर मांगाले?"

नानांनी बोटांवर माझे सगळे पुढारी मोजले.

"बठ्ठा पुढारीसना आवाज येतस तुले. तठे सोताना काढाले कोनी सांगेल व्हतं?"