एकेचाळीस ओट्या

सैन्याच्या मदतीत रजयांऐवजी गुरांची सरकी पाठवणारा घाटंजी तालुक्यातला पहिला माणूस मीच असणार. पोती जड लागली होती, नाही असं नाही. पण पंचफुलामावशीच्या रजया दमदारच असणार, असं समजून मी ती नागपूरच्या टेम्पोत चढवली.

मावशी लोकांच्या शेतात कापूस वेचते. तिचा अक्षय कमांडो आहे. कुठं असतो ते सांगत नाही. यंदा फोनवर एवढंच म्हणाला, "आई, डोंगरात भूकंप झाला. रस्ते तुटले, आमची तुकडी पायी औषधं पोहोचवून राह्यली. पांघरुणं कमी पडतात, म्हणून आपसात वर्गणी काढली."

वेचताना बाया कमरेला फडक्याची ओटी बांधतात; मावशीनं प्रत्येकीकडं तशी एकेक ओटीभर कापूस मागितला. शेतमालक रामराव कुरकुरले, "माह्या कापसावर तू दानशूर?"

"कापूस तुमचा, मजुरी आमची. दोघंही सोडू ना, मालक!"

एकेचाळीस ओट्या जमल्या. रुई गावच्या पिंजारी रहमतचाचांनी सरकी काढून, कापूस पिंजून बावीस रजया भरल्या. सरकी विकून शिलाई भागणार होती. दोन्हीची पोती चाचांच्या अंगणात एकाच रांगेत. पुढचं सांगितलंच.

सकाळी अकराला नागपूरहून जवानाचा फोन. "माताजी, ये बीज किसको ओढ़ाएँ? ट्रक चार बजे निकलेगा."

मावशीनं माझ्याकडं पाहिलं. "कपिल, बारावी झाली ना रे तुही? चाल, जमीरले उठव."

जमीर मेकॅनिकनं स्वतःच्या पिकअपचं उघडलेलं चाक अर्ध्या तासात बसवलं. मावशी मागं रजयांवर बसली. पावणेचारला नागपूरच्या लष्करी तळावर पोहोचलो.

तिथल्या साहेबांनी विचारलं, "दान किसके नाम लिखें?"

मावशीनं धनीबाईपासून सुरुवात केली. एकेचाळीस नावं, तोंडपाठ. शेवटचं तिचं. पोरगा कमांडो आहे, हे मात्र बोलली नाही. साहेबांनी सगळी नावं लिहिली आणि उभं राहून तिला सलाम केला. माझीच छाती फुगली, सरकी विसरून.

पुढं एक फोटो आला. बर्फात एक म्हातारी, अंगावर आपली रजई. शेजारी तोंड झाकलेला जवान, पाठीवर रजयांचं गाठोडं. मावशीनं गाठोड्याच्या गाठीवर बोट ठेवलं.

"हा माहा अक्षय. ओटीची गाठ हाय ते. मीच शिकवली."

पोती चुकवल्याबद्दल मावशीनं मला दंड केला, बेचाळिसावी ओटी. एक सकाळ वेचलं, कंबर धरली, ओटी अर्धीच भरली. आता हंगाम संपला, अर्धी ओटी बाकीच. बाजारात भेटली की मावशी आधी माझ्या कमरेकडं बघते.