आबांच्या खुर्चीवरची लाल चिठ्ठी

साताऱ्याच्या एका कंपनीतली नोकरी सोडून मी सांगलीला वडिलांच्या, म्हणजे आबांच्या कारखान्यात आले, तेव्हा आमची निम्मी सकाळ पाने आणि स्क्रू ड्रायव्हर शोधण्यात जायची. द्राक्षबागांच्या फवारणी पंपांना लागणारे पितळी नोझल आम्ही करतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हा रोजचाच कार्यक्रम. मी नेम केला, दररोज काहीतरी छोटंसं सुधारायचं. प्रत्येक हत्याराच्या जागेभोवती पिवळी चौकट रंगवली, म्हणजे ते जागेवर नसलं की रिकामी चौकट लगेच दिसावी.

"आमी खंडेनवमीला वर्षातनं एकदा झाडलोट करायचो. तू तर रोजच दसरा मांडलायस," आबा म्हणाले. कारखाना माझ्या हाती दिला तरी ते सकाळी यायचे आणि लेथजवळच्या लाकडी खुर्चीत बसायचे.

मग लाल चिठ्ठ्या आल्या. जी वस्तू कुणाच्या कामाची वाटत नाही तिला चिठ्ठी बांधायची. ज्याला ती हवी असेल त्यानं सगळ्यांसमोर कारण सांगून चिठ्ठी सोडायची, नाहीतर वस्तू भंगारात. फाटके पट्टे गेले, गंजकी पिंपं गेली. मी जरा हवेतच होते.

एका सकाळी आबांच्या खुर्चीला लाल चिठ्ठी दिसली.

माझं डोकंच फिरलं. मशीन बंद करायला लावून मी सगळ्यांना फैलावर घेतलं. लेथ चालवणारे आमचे जुने टर्नर म्हणाले, "ताई, खुर्ची वाटंत येती हे खरं हाय. पर आमच्यातलं कुणी असं करंल व्हय?"

वाटेत येत होतीच. माल नेणारा प्रत्येक जण तिला वळसा घालायचा. रोज नवी सुधारणा शोधणारी मी, नेमकी तेवढीच टाळत होते.

तेवढ्यात आबा आले. "वरडू नगंस. मीच बांधली."

"आबा, काहीतरीच काय!"

"हितं बसून बगतोय की, समदी मला वळसा घालून जात्यात. आता माजं काय काम हाय हितं? नियम समद्यांना सारकाच पायजे." ते हसत होते, पण माझ्याकडे बघत नव्हते.

मी चिठ्ठी सोडली.

"कारण सांग की," आबा म्हणाले.

कामाचं एकही कारण सुचेना. "तुमी समोर नसला की माजं चित्त लागत न्हाई," मी म्हणाले. सगळ्यांसमोर, मोठ्यानं.

आबांनी स्वतःच खुर्ची उचलली आणि वाटेतून काढून दाराजवळच्या उजेडात ठेवली. टर्नर पिवळ्या रंगाचा डबा घेऊन आले आणि खुर्चीच्या चार पायांभोवती चौकट ओढू लागले.

"आवं आबा," ते खाली बसल्या बसल्या म्हणाले, "आता तुमी एक दिवस जरी आला न्हाई, तर घरी शोधत येऊ आमी."

रंग वाळायच्या आधीच आबा खुर्चीत जाऊन बसले.