काकूंच्या परसात उसाची माणसं

बारामतीतल्या आमच्या कॉलनीत सकाळी फिरायला निघणारा आमचा कंपू म्हणजे झाडून सगळी उसाची माणसं. कुणी लासुर्ण्याचा, कुणी त्याच्या पलीकडचा. नातवंडांच्या शाळेपायी बंगल्यात कोंडलेली. आम्ही एकेकानं जन्मात इतका ऊस लावलाय, की कांडी पुढं कांडी मांडली तर टोक चंद्राला वळसा घालून परत कारखान्याच्या गव्हाणीत येऊन पडेल. मेथीची जुडी मात्र आम्ही मंडईतनंच आणायचो.

कोपऱ्यावरच्या बंगल्यात काकू एकट्या राहायच्या. काका गेल्यापासून त्यांच्या परसात गाजरगवत असं माजलं होतं, की त्यात शिरलेलं मांजर दुसऱ्या वर्षी नातवंडं घेऊनच बाहेर आलं. मुलगा पुण्यात नोकरीला. त्यानं फोनवर ठरवूनच टाकलं, दिवाळीला येतो आणि सगळीकडं सिमेंटचे ब्लॉक बसवतो. काकूंना ते सोसवेना. जन्म मातीत गेलेला, पण आता गुडघे वाकत नव्हते. शेवटी मायलेकांत तोड निघाली: दिवाळीला ताटात परसातली एक तरी भाजी आली, तर ब्लॉक रद्द.

काकूंनी आम्हाला फाटकाशी थांबवून हे सांगितलं. जागा माझी, राबणं तुमचं, भाजी निम्मी निम्मी. आम्ही छात्या फुगवल्या. आमच्यातले थोरले तात्या तर म्हणाले, "काकू, दिवाळीला टेम्पो सांगून ठेवा."

गवत काढलं, खत पसरलं आणि सवयीनं उसाच्या सऱ्या सोडल्या. परस एवढंसं, त्यात सऱ्या बसल्या तीन. वरंब्यावर मेथी, पालक, कोथिंबीर, कडेला मुळा. येणारा-जाणारा विचारायचा, उसाचं बेणं कुठलं आणलं म्हणून. पाण्याचं खातं तात्यांकडं. उसात कायदा एकच, शेवटची सरी तुडुंब भरल्याशिवाय मोटर बंद करायची नाही. दर रविवारी तात्या बटन दाबायचे, काकू चहा आणायच्या, आणि आमच्या गप्पांनी काकूंचा ओटा भरून जायचा. काकू पायरीवर बसून आमची भांडणं सोडवायच्या. खरं सांगू का, भाजीपेक्षा त्यांना त्या रविवारचीच जास्त गोडी होती.

दसरा झाला. कोथिंबीर वीतभर आलेली. अशातच एका रविवारी कारखान्याच्या निवडणुकीचा विषय निघाला. आता उसाच्या माणसापुढं हा विषय काढणं म्हणजे बैलापुढं पेंड ठेवणं. वाद पेटला, मोटर चालूच. भानावर आलो तेव्हा मेथी, पालक, कोथिंबीर सगळी मिरवणुकीनं फाटकाबाहेर निघाली होती. एका मुळ्यानं शेजारच्या पोरीच्या स्कूटीला ओव्हरटेक केलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय.

काकू लुगडं सावरत पायरीवर उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तात्या, मेथी हाय ती. ऊस न्हाय."

कारखान्याच्या चेअरमनपुढंही कधी मान न वाकवलेले तात्या बशीत बघत बसले. दिवाळी तोंडावर, नवी मेथी पेरावी तर चिखल सुकून वाफसा कधी येणार?

पाणी काढून देण्यासाठी फावडं घेऊन आम्ही मोरीमागच्या सखल कोपऱ्यात गेलो आणि तिथंच थबकलो. तिथं अळू उभा होता. दर रविवारचं आमचं उतू गेलेलं पाणी पिऊन असा फोफावला होता, की एका पानाखाली आम्ही सगळे आणि तात्यांची बुलेट आरामात मावलो असतो. कंद कुणी लावले म्हणून विचाराल, तर आमच्यातल्या प्रत्येकाचा हात वर होतो. माझा सगळ्यात आधी.

दिवाळीला मुलगा आला, सोबत ब्लॉकवाला घेऊनच. तो टेप काढून मोजायला लागणार, तेवढ्यात काकूंनी अळूवड्यांचं ताट पुढं केलं. चिंचेच्या कोळात मुरलेल्या, कडेनं कुरकुरीत. मुलानं एक खाल्ली आणि बघता बघता ताट संपवलं. ब्लॉकवाल्यानं तर टेप खिशात घालून दुसरं ताट मागितलं.

मग मुलगा हसत म्हणाला, "बरं आई, ब्लॉक राहू दे. पण अळवाला एवढं पाणी देतं कोण?"

आम्ही सगळ्यांनी एकदमच तात्यांकडं बोट केलं.

काकू ब्लॉकवाल्याकडं वळल्या. "आता आलाच हायसा, तर एक कट्टा तेवढा बांधून द्या. आमच्या तात्यांना बसायला. मोटरच्या बटनापासनं लांब."