साहेब, जनरल आणि सुतळीची गाठ

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात इडापिडा घेऊन जाणाऱ्या मारबतीची मूर्ती निघते आणि तिच्यासोबत बडगे निघतात. वर्षभरात ज्याचा राग आला असेल त्याचा बांबू-तणसाचा पुतळा करायचा, वाजतगाजत जुन्या महाल भागातून फिरवायचा आणि शेवटी जाळून टाकायचा.

एकाहत्तर साली बडग्या कोणाचा, यावर आमच्या गल्लीत वाद नव्हताच. पूर्व बंगालात आपल्याच माणसांवर रणगाडे घालणारा पाकिस्तानचा जनरल सगळ्यांच्या डोक्यात गेला होता. वाद झाला तो माझ्या चित्रावरून. मी राज्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते, आणि माझ्या चित्रात जनरलच्या गळ्यात हात टाकून एक उंच अमेरिकन साहेब उभा होता.

शेजारचे काका गल्लीचे बडगे बनवायचे. त्यांना साहेब मंजूर नव्हता.

"साहेब हुशार आहे वं," ते म्हणाले. "त्याले पाकिस्तानच्या वाटेनं चीनपर्यंत पोचायचं आहे. एका जनरलले हाताशी धरलं की झालं. साऱ्या देशाले काहून मनवत बसायचं?"

"अन् जनरल पडला तं?"

"काही पडत नाही. वर्षाच्या आत पडला तं पुढच्या साली बडग्या तुह्या मनानं."

आमच्या गल्लीत बडग्यासाठी बायकांनी आजवर फक्त चिंध्या पुरवल्या होत्या. मी तिथल्या तिथे पैज घेतली. गल्लीतल्या पोरांनी माझी बाजू उचलून धरली म्हणून साहेबही झाला. मात्र जनरलसाठी वेगळा बांबू कशाला, म्हणून काकांनी त्याची मान साहेबाच्या हाताला सुतळीने आवळून बांधली.

मिरवणुकीच्या सकाळी पाऊस झाला. जनरलच्या पोटातलं तणस भिजून जड झालं. महालातल्या अरुंद वळणावर हातगाडी कलली तसा जनरल झुकला, आणि त्याच्यासोबत साहेबही वाकला. काका सुतळी सोडवायला धावले, पण ओल्या सुतळीची गाठ आणखीच आवळली होती.

"सोड गा त्याले!" लोक ओरडायला लागले.

"सुटूनच नाही राहिलं!" काका घामाघूम.

साहेबाची हॅट आधी गटारात पडली, मग साहेब, आणि त्याच्या उरावर जनरल. अख्खा रस्ता पोट धरून हसला. मी तर टाळ्या पिटल्या. काका मात्र हट्टाला पेटलेले. हा सुतळीचा दोष आहे, खऱ्या साहेबाला सोडवता येतं, असं ते दिवाळीपर्यंत सांगत फिरले.

डिसेंबरात युद्ध झालं. ढाक्यात जनरलच्या फौजेने शस्त्रं खाली ठेवली, बांगलादेश झाला. साहेबाने आपलं आरमार बंगालच्या उपसागराकडे धाडलं, तेही कामाला आलं नाही. चार-पाच दिवसांत जनरलची खुर्ची गेल्याची बातमी रेडिओवर आली, आणि मी आईच्या हातातला पोळपाट काढून घेऊन तिला गरागरा फिरवलं. इतका आनंद मला पदवी मिळाली तेव्हाही झाला नाही.

संध्याकाळी काका दारात आले. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"सांग वं," ते म्हणाले. "पुढच्या साली कोणाले काढायचं?"

"साहेब तोच ठेवा, काका," मी म्हटलं. "बाजूची जागा तेवढी रिकामी ठेवा. पोळ्यापर्यंत तो दुसरा जनरल शोधेल."